पावशेर देव

आमच्या घरातल्या पुस्तिकांच्या पाठीवर किंमत नसते. तिथे 'मूल्य : वाचून दुसऱ्याला देणे' असं छापलेलं असतं. मी अक्षरं शिकले ती याच ओळीवर. वर्गातल्या बाकीच्या मुली कमळ आणि बदक गिरवत होत्या तेव्हा मला 'मनुष्य जन्माने हीन नसतो' हे वाक्य जोडाक्षरांसकट येत होतं, आणि बाईंनी सातचा पाढा विचारला तरी मी तेच म्हणून दाखवायचे. बाई नागपूरच्याच होत्या. म्हणाल्या, "जन्मानं नसतेच बाई. पाढा नाई आला तं होते."

आजोबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आठवडाभर मालकाच्या लग्नपत्रिका आणि सुटीच्या दिवशी स्वतःची क्रांती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं घराघरातले देव टोपल्यांत भरून तलावात कसे सोडले, याची हकिकत त्यांनी सोळा पानांत लिहिली. सोळाच, कारण एका कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात, आणि सोळा पानांत मावत नाही ते खरं नसतं असं त्यांचं मत होतं. आजोबा गेले, खिळे भंगारात गेले, बाबांनी ऑफसेटचं दुकान टाकलं. पुस्तिका राहिली. दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि तिचा एक नियम आहे: आजोबांच्या मजकुरातला काना बदलायचा नाही. छपाईची चूक सापडलीच तर वेगळी चिठ्ठी छापून शेवटच्या पानाला चिकटवायची. तिला शुद्धिपत्र म्हणतात. सगळे देव तलावात सोडून आलेल्या घरात एवढं एक सोवळं उरलं होतं, आणि ते आम्ही फार निष्ठेनं पाळत होतो.

दीक्षेच्या वर्धापनदिनाआधीच्या रविवारी सकाळी ही पुस्तिका वस्तीच्या विहारात मोठ्यानं वाचली जाते. वाचायचा मान घराघरानं फिरतो. गल्लीच्या या टोकापासून सुरू होतो, त्या टोकाला पोचतो, पुन्हा पहिल्या घरावर येतो. वाचणाऱ्याच्या घरून खीर येते. दारुड्यांच्या घराला मान मिळालेला आहे. भावाची भिंत स्वतःच्या खोलीत सरकवून घेणाऱ्यालाही मिळालेला आहे आणि त्यानं समतेवरचं पान फार सुंदर वाचलं होतं. एकाच घराला तो कधी मिळालेला नाही: विहिरीजवळच्या घराला. का, ते कोणी सांगत नाही. सांगायची गरजच नाही. पान अकरा, ओळ तिसरी: 'सर्व घरांनी देव सोडले, फक्त विहिरीजवळच्या घराने एक देव पदराआड ठेवला.'

वाचणारा या ओळीवर आला की विहार क्षणभर गप्प होतो. मग सगळ्या माना, कोणी न सांगता, डावीकडच्या खांबाकडे वळतात. खांबाला टेकून त्या घरातली मावशी बसलेली असते. मान झुकवायची नाही अशी आमची शिकवण आहे. वळवायला हरकत नाही.

मावशी म्हणजे काही माझ्या आईची बहीण नव्हे. तीस वर्षं ती वस्तीच्या अंगणवाडीत सेविका होती. आज जे जे विहारात मान वळवतात त्यातल्या निम्म्यांची नाकं तिनं पुसलेली आहेत, माझंसुद्धा. माहेर उमरेडचं, विणकरांचं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा अठरा वर्षांची होती, आणि दीक्षा होऊन वीसेक वर्षं उलटली होती. म्हणजे देव पदराआड गेला त्या दिवशी ती या जगातच नव्हती. पण पान अकरावर जन्मतारखेची नोंद नाही.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता ती दुकानात आली. मी संगणकापुढे बसून नव्या आवृत्तीची प्रुफं तपासत होते.

"काय करून राहिली वं?"

"पुस्तिका पाहून राहिली मावशी. छापाले जाते पुढच्या आठवड्यात."

"त्याच्याचसाठी आली." ती स्टुलावर बसली. "पोरानं मनीषनगरात फ्लॅट घेतला. दिवाळी झाली की आम्ही तिकडं. इथलं घर पाडतीन. मंग आमची पाळी कोनत्या घराले येईन? घरच नाई राहणार. या साली मले वाचू दे. अन् ते अकरा पानावरचं वाक्य काढून टाक. मी उभी राहून माह्याच घराले शिव्या कशी देऊ?"

एवढीच मागणी होती. शेवटचं वर्ष, एक सकाळ, एक वाक्य.

तत्त्वाचा प्रश्न आला की माझी भाषा आपोआप छापील होते. मी म्हणाले, "मावशी, इतिहास कोणाच्या भावनेसाठी बदलता येत नाही."

"बरं. मंग पाळी तं देशीन?"

"पाळी विहाराची समिती ठरवते."

"समितीले कोन सांगते?"

"बाबा सचिव आहेत."

"अन् तुह्या बाबाले कोन सांगते?"

"पुस्तिकेत जे आहे ते..."

"म्हंजे पुस्तकालेच विचाराचं होतं," ती उठत म्हणाली. "मी उगाच मानसाशी बोलून राहिली."

ती गेल्यावर मला फार बरं वाटलं. दबावाला बळी न पडण्याची संधी आमच्या पिढीला क्वचित मिळते.

त्याच आठवड्यात दुकानात एक निवृत्त पाळकसाहेब आले. चर्चमध्ये तीसचाळीस वर्षं उपदेश करून घसा बसलेले, मिशी पांढरी, हातात कापडी पिशवी. पिशवीत चार वह्या. पत्राद्वारे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ख्रिस्तमंडळीच्या पहिल्या काही शतकांचा इतिहास मराठीत लिहिला होता. अक्षर मोत्यासारखं. मी टाइप करायचं आणि शुद्धलेखन बघायचं.

"भाषा हवी तेवढी तपासा," ते म्हणाले. "सिद्धान्त तेवढे राहू द्या."

सिद्धान्त राहू द्या, हे आमच्या घरातल्या मुलीला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. तिसऱ्या वहीत मी अडकले.

सोळाशे वर्षांपूर्वी ब्रिटनच्या बाजूनं एक साधू रोमला आला. अंगानं धिप्पाड, राहणीनं कडक. तो लोकांना सांगू लागला की माणसाला चांगलं वागता येतं. देवानं तशी ताकद दिली आहे, तेव्हा रडगाणी बंद करा आणि वागा. त्याच्या शिष्यांनी पुढचं पाऊल टाकलं. म्हणाले, आदामानं पाप केलं त्याचं नुकसान आदामाचं झालं. आज जन्मलेलं बाळ हे पाप करण्यापूर्वीच्या आदामाइतकंच कोरं असतं. वाचता वाचता मी टाळी वाजवली. हा माणूस सरळ आमच्या वस्तीत राहायला यायला हरकत नव्हती. त्याच्या विरोधकांपैकी एका थोर विद्वानानं या सगळ्याला उत्तर म्हणून काय केलं, तर हा साधू पेज खाऊन कसा फुगला आहे यावर लिहिलं. वादाची पातळी पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं.

त्याच्या विरुद्ध उभा राहिला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका गावातला बिशप. प्रचंड बुद्धीचा माणूस, आणि ती बुद्धी त्यानं कोणाविरुद्ध वापरली? तान्ह्या बाळांविरुद्ध. आदामाच्या ठायी आपण सगळ्यांनीच पाप केलं, असं त्याचं म्हणणं. म्हणून बाळ जन्माला येतं ते दोष घेऊनच. पुरावा काय? एकदा त्यानं म्हणे एक बाळ पाहिलं होतं. त्याला अजून बोलता येत नव्हतं, पण दुसरं बाळ अंगावर पिताना बघून ते रागानं पांढरं पडलं होतं. झाला गुन्हा सिद्ध. आणि त्याहून मोठा पुरावा म्हणजे, मंडळीत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. बाप्तिस्मा पापं धुण्यासाठी असतो. पाप नसतं तर धुतलं कशाला असतं? रीत आहे, त्या अर्थी कारण असलंच पाहिजे. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळाला शिक्षा चुकत नाही. फक्त ती सगळ्यांत सौम्य असते. हे वाचून मला त्या काळच्या आयांना किती दिलासा मिळाला असेल याची कल्पना आली.

पुढे ठराव झाले, बादशहाचं फर्मान निघालं, साधू हद्दपार झाला आणि कुठे मेला ते कोणाला माहीत नाही. मग इटलीतला एक तरुण बिशप म्हाताऱ्या बिशपाशी भांडायला उठला: लेकरांना दोषी धरणारा देव न्यायी कसा? दोघांचे ग्रंथ जहाजांतून समुद्र ओलांडत राहिले. उत्तराला उत्तर लिहिता लिहिताच म्हातारा वारला आणि शेवटचं पुस्तक अपुरं राहिलं. पूर्वेकडच्या ग्रीक बोलणाऱ्या मंडळ्या या भांडणात फारशा पडल्याच नाहीत. त्यांचं मत, वारशानं मरण येतं. गुन्हा ज्याचा त्याचा.

मी तीन दिवसांत पाळकसाहेबांच्या वह्या टाइप केल्या आणि चौथ्या दिवशी माझी स्वतःची पुस्तिका लिहायला घेतली. सोळा पानं, नाव 'जन्मतः गुन्हेगार'. पहिलंच वाक्य असं जमलं होतं की मी ते उभं राहून वाचलं: 'जो दोष मी केला नाही तो माझ्या नावावर लिहिणारा कोणीही असो, त्याची लेखणी काढून घेतली पाहिजे.' डाव्या हाताला हे लिहिलेलं, उजव्या हाताला पान अकराचं प्रूफ. मी दोन्ही नीट तपासलं. एकातही चूक सापडली नाही.

पुढच्या सोमवारी पाळकसाहेब प्रुफं न्यायला आले. मी त्यांना चहा दिला आणि त्यांनी न मागताच माझी पुस्तिकाही दिली. ते चष्मा वर करून वाचू लागले. तेवढ्यात मावशी आली. या वेळी तिच्या हातात पिशवी होती. बाबा दुकानात नव्हते.

"तुह्या बाबाशी बोलाचं हाय," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली. वाट बघताना काहीतरी चाळावं म्हणून तिनं पाळकसाहेबांनी वाचून खाली ठेवलेली माझी पानं उचलली. अंगणवाडीतल्या बायांना वाचायची फार सवय असते. सरकार त्यांच्याकडून तेवढीच एक गोष्ट भरपूर करून घेतं.

"हे लेकरू पांढरं पडलं म्हनून पापी?" ती एकदम म्हणाली. "कोनं म्हनलं हे?"

"एका बिशपांनी," पाळकसाहेब म्हणाले.

"त्याईले लेकरंबाळं होती का नाई?"

पाळकसाहेबांनी जरा घसा साफ केला. "एक मुलगा होता."

"मंग बायकोनं सांगतलं नाई? दुसऱ्याले पिताना पाहून लेकरू रडते, ते त्याच्या पोटात भूक असते म्हनून. मी तीस वर्षं पाहून राहिली. खिचडीचं गंज उतरवलं की सारेच पांढरे पडत."

"लग्न झालेलं नव्हतं," पाळकसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "त्या बाईंना त्यांनी पुढे परत पाठवून दिलं. नाव कुठे लिहून ठेवलेलं नाही."

"मंग तं सांगूच नका," मावशी म्हणाली. "तिचं पाप कोनाले लागलं तेवढं पाहा."

पाळकसाहेब हसले. खो खो हसले, चहा सांडेपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुली, लिहिलंय छान. पण तू त्यांना मूर्ख ठरवलंस. मूर्ख नव्हते ते. बाळाचं उदाहरण सोड. त्यांचा खरा प्रश्न असा होता की कोणी न शिकवता, कोणी न ठरवता, आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या तेच वाईट का करत राहतो? उत्तर त्यांचं पटत नसेल तर नको पटू दे. प्रश्न तरी घे."

मी मनात म्हटलं, निवृत्त माणूस आहे, वेळ आहे.

मावशीनं पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. "त्या लेकराले तं तू बरं सोडवलं," ती मला म्हणाली. "सोळाशे साल जुन्या लेकराले. कुठलं, कोनाचं, काई माहीत नाई. अन् मी सामने बसून हावो तं इतिहास बदलता येत नाई म्हनते." आवाजात राग नव्हता. अंगणवाडीत एखाद्या मुलानं पाटी उलटी धरली असेल तर त्याला सांगावं तसं सांगितलं.

मी म्हणाले, "पण मावशी, देव ठेवला होता की नाही? खोटं तर नाही ना लिहिलेलं?"

"ठेवला होता ना. मी कधी म्हनलं नव्हता म्हनून?" तिनं पिशवीतून जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या प्रुफांवर ठेवलं. पितळेचा रांगता बाळकृष्ण. नाक झिजलेलं, लोण्याचा गोळा झिजून नुसता हात उरलेला. "माही सासू भाजी इके. तराजू होता, पावशेराचं वजन हरपलं होतं. हा बरोबर पावशेर भरे. वांगी मोजाले ठेवला, संभार-कोथमिर मोजाले ठेवला. पांढरं लुगडं नेसून ती बी दीक्षेले गेली होती सगळ्याईसंगं. सारे देव टोपल्यात टाकले. हा तराजूत होता तं तराजूत राहिला. दुसऱ्या दिवशी बाजार होता ना."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. वस्तीतला शेवटचा देव. बाकीचे सगळे सुखानं तलावात बुडले आणि हा उन्हात कामाला लागला.

"अन् मंग किलो आले," मावशी म्हणाली. "हा पाव किलोले कमी भरे. सासू म्हने, आता ह्याले तराजूत ठेवला तं गिऱ्हाइकाची फसवणूक होईन. म्हनून पेटीत टाकला. पूजा कोनं केली याची? त्याच्यावर हळदीचा टिपका असन तं दाखव."

"हे कधी सांगितलं नाही कोणाला?"

"इचारलं कोनं? तुह्या आजानं लिवलं, ते बी तिच्या दारात न येता. सासू म्हने, ज्याले इचाराचं हाय त्यानं यावं, मी दारोदार सांगत नाई फिरणार. ती मेली. मी सून हावो, मी काहून सांगू? मले वाटे, एखांद्या वर्षी कोनी तरी येईन."

साठाहून जास्त वर्षं. पुस्तिका छापायला वेळ होता, तपासायला होता, गल्लीत वाटायला होता. विहिरीपर्यंत चालत जायला चाळीस पावलं लागतात.

इथे मला बिशपाची क्षमा मागावीशी वाटली. त्यानं पाप निदान रक्ताबरोबर पाठवलं होतं. आम्ही ते मंगल परिणयाबरोबरही पाठवतो. उमरेडहून हळदीच्या अंगानं आलेल्या मुलीला ते पहिल्याच दिवशी घराच्या किल्ल्यांबरोबर मिळतं. आणि त्याच्याकडे धुवायची सोय तरी होती. आमच्या या बाईच्या सासूनं दीक्षा घेऊनही ते निघालं नाही.

बाबा आले तेव्हा पाळकसाहेब निघाले होते, पण पायरीवरच थांबले. मावशीनं बाबांना सगळं पुन्हा सांगितलं. बाबा शब्दावर विश्वास ठेवणारे, पण वस्तूवर जास्त. त्यांनी बाळकृष्ण उचलला आणि कागदाची रिमं मोजायच्या काट्यावर ठेवला. आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. काट्यालाही पक्ष घेता आला नाही: पाव किलोला थोडा कमी, पावशेराला नेमका.

"वहिनी," ते म्हणाले, "हे बापाले माहीत असतं तं..."

"भाऊ, चाळीस पावलं होती."

बाबा खुर्चीत बसले. मग सचिवासारखे म्हणाले, "पण मजकूर बदलता येत नाई."

"बाबा, पान अकरावरची ती ओळ..." मी सुरू केलं.

"खोडू नका," मावशी म्हणाली. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "मीच म्हनली होती खोडा. पण आता इचार केला. खोडलं तं लोक म्हनतीन, खोडून घेतलं, म्हंजे खरं असन. ते राहू द्या. त्याच्या म्होरं लिहा काय होतं ते. अन् मले वाचू द्या. मी ते बी वाचन, हे बी वाचन."

"चिठ्ठी लावू," मी म्हणाले. "शुद्धिपत्र."

"ते छपाईच्या चुकीसाठी असते."

"मग ही कशाची आहे? लिहिली आजोबांनी, छापली तुम्ही, तपासून बरोबर ठरवली मी."

बाबांनी बाळकृष्ण काट्यावरून उचलून मावशीला परत दिला. पायरीवरून पाळकसाहेब फक्त खोकले. निवृत्त लोकांना खरंच फार वेळ असतो.

चिठ्ठीचा मसुदा करायला मला आख्खा दिवस लागला. सोळा पानं लिहायला लागला होता त्यापेक्षा जास्त वेळ. शेवटी चार वाक्यं उरली: 'पान ११, ओळ ३. त्या घरातील देव पूजेसाठी नव्हता; भाजीच्या तराजूत पावशेराचे वजन म्हणून होता. ही गोष्ट त्या घरी जाऊन कोणी विचारली नाही. ही चूक लेखकाची, प्रकाशकाची आणि मुद्रितशोधकाची.' बाबांनी लाल पेन हातात घेतलं आणि 'लेखकाची' या शब्दावर ते इतका वेळ धरून बसले की शाईचा ठिपका पडला. मग पेन खाली ठेवलं. ठिपका तसाच स्कॅनमध्ये आला आहे, प्रत्येक चिठ्ठीवर.

वारशानं काहीतरी येतं, हे बिशपाचं म्हणणं खरंच होतं. पत्ता तेवढा चुकला होता. ते विहिरीजवळच्या घरी कधी पोचलंच नव्हतं. आमच्याकडे होतं, तीन पिढ्या, दरवर्षी नव्या मुखपृष्ठासह.

समितीत थोडी गडबड झाली. भिंत सरकवणारे काका म्हणाले, "असं असन तं उद्या एकेक घर चिठ्ठी मागन." बाबा म्हणाले, "मागू दे. चाळीस पावलं आधी चालून येऊ, मग छापू." ती चाळीस पावलं मावशीची होती, पण सचिवांनी ती स्वतःची म्हणून नोंदवली. अखेर त्या वर्षीच्या पाळीच्या कागदावर पहिल्यांदा विहिरीजवळच्या घराचा उल्लेख झाला. एकानं तरीही जाताना म्हटलंच, "जाऊनच राहिले ना दिवाळीनंतर, मग द्या एकदाचं." न्याय असाच मिळतो आमच्याकडे, माणूस सामान बांधायला लागलं की.

त्या रविवारी मावशी पांढऱ्या लुगड्यात आली. सासूचं असावं, घडीवर पिवळं पडलं होतं. खिरीचं पातेलं तिच्या मुलानं उचलून आणलं होतं. मी मधल्या रांगेत बसले, बाबा पुढे, पाळकसाहेब मागे दारापाशी. त्यांना मी बोलावलं होतं आणि ते चपला काढून, संकोचून उभे होते. मावशी समोरच्या मेजावर पुस्तिका ठेवून, उभी राहून वाचू लागली. तीस वर्षं मुलांना गाणी शिकवलेला आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ. टोपल्या, तलाव, दिवे, घोषणा. दहा पानं झाली.

'सर्व घरांनी देव सोडले, फक्त विहिरीजवळच्या घराने एक देव पदराआड ठेवला.'

ती थांबली. विहार गप्प झाला. आणि सगळ्या माना डावीकडच्या खांबाकडे वळल्या.

खांबापाशी कोणीच नव्हतं. एक रिकामी सतरंजी होती. समोर बाई उभी, तिचा आवाज कानात, आणि शंभरेक माणसं त्या सतरंजीकडे पाहत होती. मला हे इतकं स्पष्ट दिसलं, कारण मीही तिकडेच पाहत होते. चिठ्ठी लिहिणारी, आफ्रिकेच्या बिशपाला सोळा पानांत उताणा पाडणारी मी. माझी मान मला न विचारता गेली होती.

मागे दारापाशी कोणीतरी खोकलं.

"मी इकडं हावो," मावशी म्हणाली. "इकडं पाहा."

आधी एक बाई हसली, मग बाबा, मग सगळा विहार. माना सावकाश परत आल्या. काहींना वेळ लागला. मावशीनं शेवटचं पान उघडलं, कनवटीचा बाळकृष्ण काढून त्यावर ठेवला, पंख्याच्या वाऱ्यानं चिठ्ठी फडफडत होती म्हणून, आणि बोट ठेवून, अंगणवाडीत वाचायची तसं एकेक अक्षर तोडून, वाचायला सुरुवात केली: "पान अकरा. ओळ तिसरी."

माझी पुस्तिका अजून छापलेली नाही. पाळकसाहेबांच्या प्रश्नापासून ती मी नव्यानं लिहिते आहे. पंधरा पानं झाली आहेत.